वाचक विचारतात : व्हिएन्नात दिवेलागणीनंतर

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही दोघं ग्रुप टूरबरोबर युरोपात बारा दिवस फिरून आलो. रोज संध्याकाळी सात वाजता पोळीभाजीचं जेवण आणि आठ वाजता हॉटेलच्या खोलीत. बाहेर लख्ख उजेड आणि आम्ही पडदे ओढून पडलेलो. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचे आम्हीच व्हिएन्नाला जातोय, पाच रात्री. मी ६३ वर्षांची, हे ६७. डिस्को, कानठळ्या बसवणारं संगीत, बोटीवरचा नाच यांतलं काही नको. निवांत बसता येईल, काही ऐकता-बघता येईल आणि नीट जेवता येईल अशा जागा सांगाल का? मी शाकाहारी आहे, केकमध्ये अंडं असलं तर चालतं. हे सगळं खातात, कधी थोडी वाइनही घेतात. माझा डावा गुडघा दुखतो, फार वेळ उभं राहवत नाही. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, म्हणून तिकडचे द्राक्षमळेही बघायचे आहेत.
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. व्हिएन्नात मी सोळा वर्षं राहिले आणि त्या शहरातलं मला सगळ्यात जास्त काय आवडलं असं कुणी विचारलं, तर मी राजवाडे सांगणार नाही, तिथली संध्याकाळ सांगेन. ‘लख्ख उजेड आणि पडदे ओढून पडलेलो’ हे वाचून म्हणूनच मला फार वाईट वाटलं. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री नवाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे तुम्ही खोलीत गेलात तेव्हा गावातली माणसं नुकती घराबाहेर पडत होती.

आधी पोटाचं बघू, कारण तिथे चूक झाली तर उपाशी झोपावं लागतं. आमचा तिथला पहिला आठवडा होता. सामान लावता लावता रात्रीचे दहा वाजले. कोपऱ्यावरच्या खानावळीत दिवे होते, माणसं हसत-बोलत बसलेली होती. आम्ही बसलो, वाढपी आला आणि म्हणाला, ‘क्युशेनश्लुस’. म्हणजे स्वयंपाकघर बंद. खानावळ मध्यरात्रीपर्यंत उघडी असली तरी चूल साडेनऊ-दहाला विझते, त्यानंतर फक्त पेय मिळतं. त्या रात्री आम्ही रस्त्यावरच्या सॉसेजच्या टपरीवर पाव, मोहरीची चटणी आणि लोणच्यातली काकडी खाऊन घरी आलो. म्हणून आत शिरतानाच विचारायचं, ‘क्युशे नोख ऑफन?’, स्वयंपाकघर अजून चालू आहे का? आणि रविवारी दुकानं बंद असतात, किराणा-भाजीचीसुद्धा. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही तेवढी उघडी. सणाच्या दिवशीही तेच. जूनच्या सुरुवातीला ईस्टरच्या हिशेबानं मागेपुढे सरकणारा एखादा सण येऊ शकतो. शनिवारी दुपारीच दही, फळं, ब्रेड खोलीत आणून ठेवा.

आता शाकाहाराचं. तुम्हाला वाटेल, बटाट्याचं सॅलड बिनधास्त मागवावं. थांबा. व्हिएन्नाचं बटाट्याचं सॅलड बऱ्याच ठिकाणी गोमांसाच्या सुपात भिजवलेलं असतं, त्याला चव येते ती त्यामुळेच. मेनूत ते भाज्यांच्या रांगेत असतं आणि वाढणाऱ्यालाही त्यात मांस आहे असं वाटत नाही, कारण तुकडा दिसत नाही. ‘ओने फ्लाइश’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. ‘ओने रिंडसुप्पे’ असंही विचारा. पॅनकेकच्या शेवया घातलेलं पारदर्शक सूप असतं, तेही त्यातलंच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र तुमच्या नशिबात एक मोठी गोष्ट आहे, श्पार्गेल. हा पांढरा शतावरीचा कोंब. व्हिएन्नाच्या पूर्वेला मार्शफेल्ड नावाचा सपाट प्रदेश आहे, तिथला सगळ्यात नावाजलेला. २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, त्याचा हंगाम संपला असं मानतात. तोवर खानावळींत त्याचा वेगळा मेनू लागतो. वितळलेलं लोणी आणि उकडलेले नवे बटाटे यांच्याबरोबर मागवा, आणि ‘ओने शिंकेन’, हॅमशिवाय, हे आठवणीनं सांगा. आपल्याकडे आंब्याच्या दिवसांत घराघरांत जे वातावरण असतं, ते तिथे या कोंबाभोवती असतं.

आता तुमच्या पाच संध्याकाळी. माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे, एका संध्याकाळी एकच जागा धरा. तीन ठिकाणं जोडायला गेलात तर तिन्ही ठिकाणी उठायची घाई होईल, आणि या शहरात कुणी तुम्हाला उठवत नाही.

पहिली संध्याकाळ कॉफी हाउसमध्ये घालवा. प्रवासानं अंग आंबलेलं असेल, लांब जाऊच नका. डोरोथेअरगासे नावाच्या अरुंद गल्लीत ‘हावेल्का’ आहे. लेओपोल्ड आणि योझेफिने हावेल्का या नवराबायकोनं ते १९३९ साली सुरू केलं. युद्धात बंद पडलं, १९४५ मध्ये पुन्हा उघडलं. आत अंधारे लाकडी कोनाडे, झिजलेले पट्ट्यापट्ट्यांचे सोफे, भिंतींवर चित्रं आणि पोस्टरं. रात्री आठनंतर तिथे बुख्टेल्न मिळतात. आंबवलेल्या पिठाचे मऊसूत गोड पाव, एकमेकांना चिकटून भाजलेले, आत पोविडल, म्हणजे आलुबुखाराचा तासन्‌तास आटवून काळा केलेला मुरांबा. हे पाव योझेफिनेबाई स्वतः भाजायच्या. त्या २००५ मध्ये गेल्या. लेओपोल्ड २०११ च्या डिसेंबरात, शंभर वर्षांचे होऊन. पाव कुटुंबानं चालू ठेवले. भट्टीतून ताट बाहेर आलं की सगळ्या खोलीला वास सुटतो आणि बोलणी क्षणभर थांबतात. तो क्षण मी शेकडो वेळा अनुभवलाय आणि प्रत्येक वेळी मला साताऱ्याच्या आमच्या घरातली, दिवाळीच्या आदल्या रात्रीची तळणी आठवली आहे.

कॉफी मागताना नुसतं ‘कॉफी’ म्हणू नका, ‘मेलांज’ म्हणा. अर्धी कॉफी, अर्धं दूध, वर फेस. आपल्या जिभेला ती लगेच रुचते. चकचकीत धातूच्या तबकात कपाबरोबर पाण्याचा पेला येतो. ते नळाचंच पाणी असतं, आणि ते निर्धास्त प्या. आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून थेट शहरात आणलेलं आहे. बिल कुणी आपण होऊन आणत नाही. एका मेलांजवर दोन तास बसलात तरी कुणी वळून बघत नाही. ऑस्ट्रियानं व्हिएन्नाची ही कॉफी हाउसची रीत २०११ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली, ती मुख्यतः या बसण्यासाठी. उठायचं असेल तेव्हा ‘त्सालेन, बिटे’ म्हणा. पैसे देताना टीपसकट आकडा सांगायचा असतो. नऊ युरो वीस सेंट झाले तर ‘दहा’ म्हणून नोट द्यायची. आणि धुराची भीती नको. २०१९ च्या नोव्हेंबरपासून खानावळी-कॅफेंत धूम्रपानाला बंदी आहे. त्याआधी मी हावेल्कातून घरी आले की शाल रात्रभर बाल्कनीत टाकायचे.

दुसरी संध्याकाळ ऑपेराची. नको म्हणू नका. मलाही आधी ऑपेरातलं काही कळत नव्हतं. पण मी संगीत नाटकं ऐकत वाढले होते, आणि पहिल्याच रात्री लक्षात आलं की ही ओळखीची गोष्ट आहे. माणसं दुःखात गातात, गाणं कथेला थांबवून धरतं, आणि जाणकार त्याच गाण्यासाठी आलेले असतात. श्टाट्सओपर, म्हणजे सरकारी ऑपेरागृह, १८६९ मध्ये उघडलं. १९४५ च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं आणि १९५५ च्या नोव्हेंबरात पुन्हा उभं राहिलं. जुलै-ऑगस्टमध्ये ते बंद असतं, जूनमध्ये चालू. म्हणजे तुम्ही अगदी बरोबर वेळ गाठली आहे.

तिथे उभ्यानं ऐकायची चारशेच्या वर तिकिटं असतात, अगदी थोड्या पैशांत. खालच्या मजल्यावर मधोमध, जिथून सम्राटाच्या कक्षाखालून थेट रंगमंच दिसतो, ती जागा उत्तम. जागा कशी धरतात सांगू? समोरच्या कठड्याला आपला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा आणि खुशाल बाहेर फिरून यायचं. त्या जागेला कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या माणसाला ही रीत शिकवावी लागत नाही. कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजी भाषांतर वाचता येतं.

पण तुमच्या गुडघ्याला तीन तास उभं राहणं सोसायचं नाही, आणि मी तुम्हाला त्या भरीला घालणार नाही. तुमच्यासाठी दुसरी सोय आहे. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबर या महिन्यांत आतला प्रयोग बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, फुकट. समोर खुर्च्या मांडलेल्या असतात. आधी जाऊन बसा. काका आत उभ्यानं ऐकू देत, तुम्ही बाहेर बसून तेच गाणं त्याच क्षणी ऐका, आणि मध्यंतरात भेटा. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्ही असंच केलं. बाहेर आलो तर त्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंबरोबर एका पिशवीतून चेरी खात होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींचे डोळे ओले होते.

एक सावधगिरी. ऑपेरागृहाच्या आणि मोठ्या चर्चच्या आसपास पांढरे केसांचे टोप आणि जरीचे कोट घातलेली मुलं तिकिटं विकत फिरतात. ती तिकिटं ऑपेराची नसतात, पर्यटकांसाठी वेगळ्या दिवाणखान्यांत होणाऱ्या मैफलींची असतात. आमच्या पाहुण्यांनी अशीच चार महाग तिकिटं घेतली आणि तिकडे ओळखीच्या धुनांचे तुकडे ऐकून हिरमुसून परत आले. तिकीट खिडकीवरच घ्या. खरं वाद्यसंगीत ऐकायचं असेल तर म्युझिकफेराइन ही १८७० सालची मैफलींची इमारत आहे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ मध्ये या गावी संगीत शिकायला आले, आणि पुढे म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहातली नववर्षाची मैफल त्यांनी पाच वेळा चालवली. त्या सभागृहात बसले की मला ही गोष्ट दर वेळी आठवायची.

प्रयोग सुटल्यावर काकांना भूक लागेल. ऑपेराच्या मागे, आल्बर्टीना संग्रहालयाच्या पायऱ्यांशी सॉसेजची टपरी आहे. तिथे रात्री लांब झग्यातल्या बायका आणि टॅक्सीवाले एकाच फळीवर कागदी बशी ठेवून उभ्याउभ्या खातात. अशा टपऱ्यांची संस्कृतीही २०२४ मध्ये त्याच वारसायादीत आली. तुम्ही आधीच जेवून जा. तिथे तुमच्या वाट्याला पाव आणि काकडीच येईल.

तिसऱ्या दिवशी द्राक्षमळे, आणि ही संध्याकाळ मी तुमच्यासाठी सगळ्यात मोठी धरते. व्हिएन्ना शहराच्या हद्दीत सहाशे हेक्टरच्या आसपास द्राक्षबागा आहेत. शहराच्या ट्रामनं बागेत जाता येतं, हे नाशिकच्या माणसाला सांगितलं की त्याचे डोळे चमकतात. १७८४ मध्ये योझेफ दुसरा या सम्राटानं बागायतदारांना आपल्या घरी आपलीच वाइन विकायची मुभा दिली. त्यातून ‘हॉयरिगर’ ही जागा जन्मली. हॉयरिगर म्हणजे यंदाची वाइन, आणि ती जिथे प्यायची ते अंगणही. दारावर पाइनची हिरवी डहाळी टांगलेली दिसली की आज उघडं आहे असं समजायचं. अनेक जण वर्षातले काही आठवडेच उघडतात, म्हणून निघण्यापूर्वी बघून घ्या.

ग्रिंत्सिंगला ३८ नंबरची ट्राम जाते, पण तिकडे पर्यटकांच्या बसही जातात. मी शॉटेनरिंगहून ३१ नंबरच्या ट्रामनं श्टामर्सडॉर्फला जायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत. तिथून थोडं चाललं की दोन्ही बाजूंना बागायतदारांची बुटकी घरं लागतात, आणि गल्ली वर चढत बागांत शिरते. गुडघ्याला जपून, जमेल तेवढंच चढा. आपल्यासारखे डोक्यावरचे मांडव दिसणार नाहीत, वेली तारांवर उभ्या बांधलेल्या असतात. जूनमध्ये फुलोरा असतो. काकांना ‘गेमिश्टर झाट्स’ मागवायला सांगा. वेगवेगळ्या जाती एकाच बागेत मिसळून लावायच्या, एकत्र खुडायच्या आणि एकत्रच गाळायच्या, ही व्हिएन्नाची पद्धत. एका बागायतदार आजोबांनी मला सांगितलं होतं की एका जातीला थंडीचा तडाखा बसला तर दुसरी तगते. तुमच्या काकांचं त्यांच्याशी चांगलं जमलं असतं. तुम्ही ‘ट्राउबेनझाफ्ट’ घ्या, ताज्या द्राक्षांचा रस, सोडा घालून.

पेय वाढपी टेबलावर आणतो, खाणं मात्र आत जाऊन आपण घ्यायचं, काचेमागे मांडलेलं असतं. वजनावर किंवा वाटीवर. लिप्टाउअर घ्या, पॅप्रिका म्हणजे तांबड्या मिरचीची सौम्य पूड घालून फेटलेल्या मऊ चीजची चटणी, काळ्या पावाला लावायची. टोमॅटो, मुळा, पनीरसारखं ताजं चीज, भाजलेल्या भाज्या. गोडात टोप्फेनश्ट्रूडल, टोप्फेन म्हणजे जवळपास आपला चक्काच. एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. पावावर पांढरं, मऊ काहीतरी लावून वर कांदा भुरभुरलेला असतो. अगदी लोण्यासारखं दिसतं. ती डुकराची चरबी असते. सासूबाईंनी हात पुढे केला होता, मी धावत जाऊन ताट मागे घेतलं.

नऊ वाजता अंगणातल्या झाडाखाली उन्हाची शेवटची तिरीप येते. मग मेणबत्त्या लागतात. कधी दोन व्हायोलिन, एक अ‍ॅकॉर्डियन आणि दोन माना असलेली गिटार घेऊन वादक येतात. आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलता यावं. तुम्ही पत्रात जे मागितलंत, ते हेच आहे.

उरलेल्या दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. ऊन असेल तर म्युझियम्सक्वार्टियर या संग्रहालयांच्या संकुलातल्या चौकात जा. तिथे मोठमोठे रंगीत ओंडक्यासारखे बाक ठेवलेले आहेत, त्यांवर गाव रात्री उशिरापर्यंत लोळत असतं. पाऊस आला तर गुरुवार बघून कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये, म्हणजे जुन्या चित्रांच्या कलासंग्रहालयात, ते गुरुवारी नऊपर्यंत उघडं असतं आणि सातनंतर गर्दी ओसरते. काकांना जॅझ आवडत असेल तर रुप्रेश्टकिर्शे चर्चच्या खाली, १९७२ पासून चालणारं ‘जॅझलँड’चं तळघर आहे. मात्र पायऱ्या उतराव्या लागतात.

परतीची काळजी करू नका. भुयारी रेल्वे साडेबाराच्या सुमारापर्यंत असते, शुक्रवार-शनिवार रात्रभर. स्टेशनात फाटक नसतं, पण कागदी तिकिटावर शिक्का मारायला विसरू नका. शिक्का नसेल तर ते तिकीट नसल्यासारखंच, आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे.

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबरपासून व्हिएन्नात शिकायला जाते आहे. रात्री एकटीनं बाहेर जेवायला, गाणं ऐकायला जाणं तिथे सुरक्षित आहे का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : मी सोळा वर्षं रात्री साडेअकराच्या ट्रामनं एकटी घरी येत होते आणि मला कधी घाबरून मागे वळून बघावं लागलं नाही. ट्रामच्या पुढच्या भागात, चालकाजवळ बसायची सवय लावायला सांगा. प्राटरश्टर्न स्टेशनाच्या आवारात २०१८ पासून दारूबंदी लावावी लागली, यावरून तिथल्या पूर्वीच्या रात्रींची कल्पना येईल. तिथे गाडी बदलायची असेल तर रेंगाळू नये. पोलिसांचा नंबर १३३, आणि ११२ युरोपभर चालतो. एकटीनं टेबल मागायला तिला संकोच वाटेल. कॉफी हाउसपासून सुरुवात करू दे. तिथे एकट्या माणसासाठीच वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना लावून ठेवलेली असतात. आणि ऑपेराच्या उभ्याच्या रांगेत तिला तिच्या वयाची मुलं-मुली भेटतील. माझी तिथली सगळ्यात जुनी मैत्रीण त्याच रांगेत मिळाली.

प्रश्न : आम्ही डिसेंबरात जाणार आहोत. एवढ्या थंडीत संध्याकाळी बाहेर बसता येतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बसता येत नाही, उभं राहता येतं, आणि सगळं गाव उभं असतं. चारच्या सुमाराला अंधार पडतो, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मिळते. नाताळचे बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून लागतात. राटहाउसच्या, म्हणजे नगरभवनाच्या समोरचा सगळ्यात मोठा, पण मला श्पिटलबेर्गच्या जुन्या दगडी गल्ल्यांतला जास्त आवडतो. भाजलेली चेस्टनट आणि बटाट्याच्या फोडी कागदाच्या पुडीत घ्या, बोटंही शेकतात. ‘पुन्श’ म्हणजे गरम मसालेदार दारू. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी ‘किंडरपुन्श’ मागा, फळांच्या रसाचा, दालचिनी-लवंगेचा. तो चिनी मातीच्या मगात देतात आणि मगासाठी वेगळी ठेव घेतात. मग परत केला की पैसे परत. आम्ही दर वर्षी एक मग ठेवून घ्यायचो. ते सगळे आता साताऱ्याच्या घरी फळीवर आहेत, आणि पावसाळ्यात त्यांतूनच चहा होतो.